काळी सोडून कुठलीही शाई

सही काळ्या शाईत करायची नाही.
छापील मजकूर काळा असतो, म्हणून
माझं नाव निळं.
हे मला क्लुजच्या कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.
सहा वर्षं मी तिथे गाईंची पोटं, घोड्यांचे खूर,
कुत्र्यांच्या कानातली बुरशी शिकले,
आणि आता मॅलेगच्या धक्क्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये,
पहाटे चारला
हीटर पायाशी ओढून
लँगुस्टीन निरोगी असल्याचं लिहून देते.

लँगुस्टीन म्हणजे शेवंडाचं धाकटं भावंड समजा.
केशरी, काटकुळं, काळ्या मण्यांसारखे डोळे.
प्रत्येकाला प्लास्टिकची वेगळी नळी.
एकत्र ठेवली तर एकमेकांच्या नांग्या मोडतात,
आणि मोडक्या नांगीला बुलोनच्या बाजारात निम्मा भाव.
तीन दिवस जगतात.
थंडीनं साथ दिली तर चौथा.

फर्कर सांगतो, पूर्वी ट्रक भरला की निघायचा.
बरोबर एक चिठ्ठी, हाताच्या पंजाएवढी,
तीही ड्रायव्हर चहाच्या कपाखाली ठेवायचा.
आता एका ट्रकमध्ये सोळा मालकांचा माल,
सोळा जणांचे गठ्ठे,
खोडलेल्या प्रत्येक ओळीशेजारी आद्याक्षरं,
आद्याक्षरांवर शिक्का,
सगळं दोन भाषांत,
आणि एकाचं चुकलं की पंधरा जण रांगेत.

फर्करनं बाहेर पडायला मत दिलं होतं.
लपवत नाही तो.
समुद्र आपला, असं म्हणाले होते.
आहेच ना त्याचा समुद्र.
भरती त्याला विचारून येत नव्हती, अजूनही येत नाही.
फक्त गिऱ्हाईक पलीकडे राहिलं.
मीही पलीकडचीच. इथे राहायचा अर्ज मी भरला तेव्हा
तो माझ्या टेबलाशी उभा राहून म्हणाला,
इलिंका, तू गेलीस तर आमच्यावर सही कोण करणार?

नोव्हेंबरात घडलं ते असं.
एकाच्या आकड्याला मी लहानपणापासून लांब शेंडी काढते.
आमच्याकडे सगळेच काढतात.
शोनाला तो सात वाटला.
तिनं कॉम्प्युटरात सात घातला.
बुलोनच्या अधिकाऱ्यानं कागदावर एकच वाचला,
त्याच्या शाळेतही एकाला शेंडी होती.
कागदावर एक, पडद्यावर सात.
ट्रक बाजूला घ्या.

दोन रात्री.
मग जाळायचा खर्च कुणी द्यायचा
यावर तीन फोन.

मला वाटलं, फर्कर ओरडेल.
त्यानं किटली लावली.
कुठलं पान? एवढंच विचारलं.
नववं, मी म्हणाले.
नववं, तो म्हणाला, आणि साखर शोधत राहिला,
जी समोरच होती.

पुढच्या खेपेला व्यापाऱ्यानं फोन उचलला नाही.
म्हणून शनिवारी फर्करची व्हॅन चर्चच्या पार्किंगमध्ये,
पाटीवर खडूनं भाव, खोडून कमी भाव.
गावातली माणसं वाकून बघायची.
चाळीस वर्षं हे त्यांच्या दारातून गेलं,
आणि एक बाई विचारत होती, हे सोलायचं कसं?
एका मुलानं नळीत बोट घातलं आणि बोंब ठोकली.
अकरा पेट्या खपल्या. तीस राहिल्या.

त्या रात्री ऊनानं मोठं पातेलं चढवलं.
मी तीन वर्षं ज्याची ग्वाही देत होते
ते पहिल्यांदा खाल्लं,
बोटं भाजत, लोणी कोपरापर्यंत.
गोड.
इतकं गोड असतं
हे लिहायला कुठल्याच पानावर रकाना नाही.

सोमवार. पहाटेचे चार. नवीन पेन.
रद्दी कागदावर मी बिनशेंडीचे एक काढत बसलेय,
नुसत्या उभ्या रेघा, ओळीनं,
नळ्यांतल्या लँगुस्टीनसारख्या.
शोना खांद्यावरून डोकावते.
म्हणते, हा आता एल वाटतो.

बाहेर ट्रकवाला हॉर्न देतोय.